आवाजासकट

बाहेरून कडी लागली तेव्हा गुंजन कांद्याच्या खोलीत वाकलेली होती. सडका कांदा नाकाला आधी कळतो, हाताला मागून. ती वासाच्या मागावर ढिगात हात घालून चाचपत होती, आणि पाठीमागे लोखंडावर लोखंड घासल्याचा बारीक, सावकाश आवाज झाला. वाऱ्यानं दार लोटलं जातं तसा नव्हे. कुणीतरी टाचा उंचावून, जीभ दातांत धरून, न चुकता लावावी तशी ती कडी लागली आणि उंबऱ्यापासून तिच्या पायापर्यंत आलेली उजेडाची पट्टी नाहीशी झाली. "खुशी?" ती म्हणाली. दारापलीकडे श्वास होता. सर्दीनं जरासा चोंदलेला, सहा वर्षांच्या पोरीचा श्वास. हजार पोरं उभी केली असती तरी गुंजननं तो डोळे मिटून वेगळा काढला असता. "खुशी, उघड बेटा. मजाक नको करू." श्वास तिथंच राहिला. "अंधार आहे ना इथं. मम्मीले भेव लागते." हे ती पोरीला कीव यावी म्हणून बोलली होती, पण बोलताबोलता खरं होऊन गेलं. कांद्यांचा उग्र वास घशात उतरला, अंगावरचा घाम एकदम गार झाला. मग पलीकडून आवाज आला. गळा खुशीचाच, पण मुद्दाम जाड केलेला, कुणाची तरी नक्कल केल्यासारखा. "और जोर से, मम्मी. ऊपर आवाज नहीं आ रही."

दार उघडलं ते सासूनं, कुंताबाईंनी. "काय व, अंदर कोंडून घेऊन काय करून राह्यली? मी तिकडं चहाची वाट पाहून राह्यली."

"खुशीनं कडी लावली, आई."

"तिचा हात पुरते तरी का कडीले? वारं आलं असंन. उठसूट लेकराचं नाव."

दाराशी पालथी घातलेली बादली होती. कुंताबाईंनी ती पायानं बाजूला सारली, का तिथं आहे हे विचारलं नाही. खुशी ओट्यावर बसून चहात टोस्ट बुडवत होती. गुंजन तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. ही पोर खोडी करते तेव्हा आधी तिचे कान लाल होतात, मग ती पोटावर दोन्ही हात धरते आणि मग तिला हसू आवरत नाही. हा क्रम गुंजनला पाठ होता. आज कान लाल नव्हते. पोर तिच्याकडे पाहत होती, भिंतीकडे पाहावं तशी, आणि टोस्टचा ओला तुकडा पडायच्या आत तोंडात घेत होती. "काऊन लावली कडी?" "अशीच." "मी आवाज देत होती ना?" "देत होती." "मग?" "मग काय?" एवढं बोलून खुशीनं कप तोंडाला लावला. गुंजनच्या ध्यानात आलं ते हे, की आत असताना तिचा आवाज पोरीपर्यंत पोचला नव्हता असं नाही. तो स्वच्छ पोचला होता आणि त्याचं काही झालं नव्हतं. विहिरीत दगड टाकावा आणि डुबुक ऐकूच येऊ नये तसं. मुकेपणाचं, बहिरेपणाचं भय तिला ठाऊक होतं, बहिऱ्या बापाच्या घरात ती वाढली होती. हे त्यातलं नव्हतं.

कैलास वर्ध्याहून परतला तोवर ऊन तापलं होतं. रिकामी क्रेट पडवीत आपटून तो हातपाय धुवायला गेला, आणि गुंजननं टॉवेल पुढं करताना सगळं सांगितलं. तो तोंडावर पाणी मारता मारता हसला. "माह्या पोरीनं जेलर बनून दाखवलं तुले. चांगलं हाय. एवढी तं हिंमत पायजे पोरीच्या जातीत." "ती हसत नव्हती," गुंजन म्हणाली. "मंग तू हसाचं ना." त्यानं टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला, दोरीवर टाकावा तसा. हसायचं होतं. तिनं हसून घेतलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती हे तिलाही दिसत होतं. पोळ्या लाटताना तिनं हसून पाहिलं. तवा तापला होता, ओठ ताणले गेले, आणि आतून काहीच आलं नाही.

या घराचा दिवस इतरांसारखा नव्हता. भाजी वर्ध्याच्या लिलावाला उजाडायच्या आत लागायची, म्हणून देवळीच्या टोकाला असलेलं हे घर गाव झोपेत असतानाच उठायचं आणि त्याची उरलेली रात्र दुपारी भरून काढायचं. जेवणं झाली की पुढच्या खोलीत सासरे मधुकरराव, कुंताबाई आणि कैलास ओळीनं आडवे व्हायचे, पंखा फुल व्हायचा, आणि त्यानंतर या घरात भांडं वाजणं म्हणजे गुन्हा. लग्न होऊन आली त्या उन्हाळ्यात गुंजनच्या हातून एकदा पितळी झाकण निसटलं होतं, गोल फिरत फिरत ते थांबेपर्यंत तिनं श्वास रोखून धरला होता, आणि ते थांबल्यावर आतून कुंताबाई म्हणाल्या होत्या, "झालं का वाजवून?" खुशी झाली, रांगू लागली, बोलू लागली, तेव्हा सर्वांत मोठा प्रश्न हा दुपारचाच होता. लेकरू दुपारी झोपत नसे. गुंजननं तिला गोष्टी सांगितल्या त्या ओठ हलवून, कुजबुजीत. पिठाचे गोळे दिले, पालकाचे देठ दिले. मग कैलासनं वर्ध्याहून पांढरे इअरफोन आणले आणि दुपारचा प्रश्न मिटला. पोर मागच्या पडवीत भिंतीला टेकून बसे, मांडीवर गुंजनचा मोबाईल, कानांत दोन पांढरी बोंडं. शेजारी गुंजन मेथीच्या जुड्या बांधत बसे. पुढं सगळे झोपलेले, मागं पोर गप्प. त्या तासाभरात तिला कुणी हाक मारत नसे. सबंध दिवसात आपलं नाव ऐकू न येण्याची तेवढीच वेळ होती, आणि ती इतकी गोड लागे, की कधीकधी जुडी बांधून झाल्यावरही ती सुतळी बोटाला गुंडाळत आणि सोडत नुसतीच बसून राही.

असं नाही की तिनं पाहिलं नाही. तिनं पाहिलं, रोज पाहिलं. तिरक्या नजरेनं, जुडीवरून मान न काढता, पण पाहिलंच. चौकोनी ठोकळ्यांचा तो गेम होता आणि तो खेळता खेळता कुणीतरी त्याचे व्हिडिओ करून टाकत होता. 'भुट्टा भैया' असं त्याचं नाव, कोपऱ्यात हिरव्या पानांतून डोकावणारं पिवळं कणीस. चौकोनी गाय, चौकोनी कोंबड्या, चौकोनी गहू. ओळीनं गाजरं लावायची, पाणी द्यायचं, काढायची. एका बाजूला खोल खड्डा, त्यात मोठ्या नाकाची एक ठोकळ्यांची बाई इकडून तिकडं फिरणारी. असेल काहीतरी, शेताच्या कडेला खड्डे असतातच. रक्त नाही, बंदुका नाहीत, उघडीनागडी माणसं नाहीत. गेम कुणासाठी आहे तेही तिनं शोधून वाचलं होतं. लहानांना चालतो असंच लिहिलं होतं. शाळेत पालकांची सभा झाली तेव्हा बाईंनी विचारलं होतं, "मुलं मोबाईलवर काय पाहतात हे किती जणींना माहीत आहे?" खोलीभर बायांनी पदराशी, पर्सच्या चेनशी चाळा केला आणि गुंजननं हात वर केला. "माझी शेतीचं पाहते, मॅडम. मी सोबत बसून पाहते." बाईंनी सगळ्यांना तिच्याकडं बघायला सांगितलं होतं. घरी येताना रस्ता तिला रुंद वाटला होता. मधुकररावांनी ती गोष्ट पानठेल्यावर नेऊन सांगितली, आमची नात मोबाईलवर भी वावरच पाहते म्हणून, आणि दोन दिवस त्या घरात सुनेचं शिक्षण कामाला आल्यासारखं झालं होतं.

डोळ्यांनी पारखायचं हे तिला तिच्या बापाकडून आलं होतं. पुलगावला एका जिनिंगमध्ये तो रेच्यांवर होता, आणि कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या त्या यंत्रांच्या घरघरीत त्याचे कान ती शाळेत जायच्या आधीच निम्मे गेले होते. बाकीचे निम्मे त्यानं स्वतःहून सोडून दिले. संध्याकाळी केसांत, भुवयांत कापसाचे तंतू घेऊन तो घरी यायचा, टीव्हीसमोर बसायचा आणि आवाज पूर्ण बंद करायचा. "ऐकून काय होते? तोंड पाहाचं माणसाचं." पडद्यावर माणसं हलत, भांडत, गळ्यात पडत, आणि बाप त्यांची तोंडं निरखत असे. मग निवाडा द्यायचा. "हा पिच्चर चांगला हाय, पोरीहो बसा." किंवा, "उठा, हा माणूस चांगला नाई." आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघायचा, निदान गुंजनला तसं वाटायचं, कारण उठवल्यावर पुढं काय झालं ते कधी कळलंच नाही. लग्नासाठी कैलासला पाहायला गेले तेव्हाही बाप त्याच्यासमोर बसून बोलणं सोडून तोंडच पाहत होता. परतताना म्हणाला, "तोंड चांगलं हाय पोराचं." ते खरंच होतं. कैलासचं तोंड चांगलं होतं, झोपेत तर फारच चांगलं.

त्या दुपारी पोरीला मोबाईल देताना तिचा हात जड झाला, पण तिनं दिला. द्यायचा नाही तर काय सांगून? पुढं पंखा लागला होता. खुशीनं बोंडं कानांत घातली आणि तिच्याकडं पाठ करून बसली. मानेवर घामोळं आलं होतं, दोन वेण्यांच्या मधली भांगाची रेघ वाकडी झाली होती. या कानांवर गुंजनचा किती जीव. जन्मली तेव्हा डाव्या कानाची पाळी दुमडलेली होती, आणि ती दोन महिने बोटानं उलगडून उलगडून तिनं सरळ केली होती. बारशाला नणंदेनं, नंदिनीनं, याच कानाशी तोंड नेऊन कुर्र केलं होतं, आणि नाव पहिल्यांदा आत जाताना पोरीनं दचकून सगळं अंग गोळा करून घेतलं होतं. तेव्हा सगळ्या बाया हसल्या आणि गुंजनला मात्र वाटलं होतं, किती उघडं असतं हे माणूस, डोळ्यांना पापण्या दिल्या आणि कानांना काहीच नाही. आता ती त्याच कानाकडं पाहत होती आणि त्या कानातून बाहेर काही म्हणजे काही येत नव्हतं. खुशीचे ओठ हलले. पुन्हा हलले. ती कुणालातरी उत्तर देत होती. "हाव," ती पुटपुटली, "वरणभात."

गुंजननं हातातली मेथी खाली ठेवली आणि डावं बोंड काढून आपल्या कानात घातलं. खुशीनं मान झटकली, पण उजवं चालू होतं म्हणून सोडून दिलं.

आवाज छान होता. याची तिनं तयारी केली नव्हती. शिवराळ, राक्षसी असं काहीतरी तिनं मनाशी धरलं होतं आणि कानात आला तो विशीतल्या पोराचा उबदार, खेळकर आवाज, अगदी जवळचा, मांडीला मांडी लावून बसल्यासारखा. "तो मेरे छोटू लोग, सबने खाना खाया? आराम से बैठ गए? भैया के पास पूरा टाइम है." या घरात या पोरीला असं कुणी विचारलं होतं? गुंजन स्वतः विचारायची ते ओरडून, चुलीपासून, जेवली का नाई अजून. "चलो, पहले गाजर देखते हैं. अरे वाह. फिर मम्मी को देखेंगे." आणि चित्र खड्ड्याकडं सरकलं. ती नाकाड बाई तिथं फिरत होती. तिच्या डोक्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं तरंगत होती. रोज तरंगत असणार, पण त्या पडद्यावर इतकं काय काय तरंगायचं की गुंजननं ती कधी वाचलीच नव्हती. मम्मी, असं लिहिलं होतं. "बेटा फोन रख दे," भुट्टा भैयानं गळा बारीक करून, नाकातून, रडवेल्या सुरात म्हटलं, "बेटा आँखें खराब हो जाएँगी. बेटा मैं थक गई हूँ." आणि मग आपल्या आवाजात, समजुतीनं, "थक गई? तो बैठो ना गड्ढे में, मम्मी." वरून एक अंडं पडलं. बाई "हं" अशी कण्हली. आणखी एक अंडं. "हं." पोरांच्या हसण्याची रेकॉर्ड वाजली. "चिल्लाओ मम्मी, और जोर से, ऊपर आवाज नहीं आ रही. जिसकी मम्मी फोन छीनती है वो नीचे लिखो गड्ढा." खालून गड्ढा, गड्ढा, गड्ढा अशी शब्दांची पालच सरसर वर चढत गेली. खुशी हसली नाही. ती गंभीरपणे पाहत होती, देवाच्या आरतीत उभी राहते तशी, आणि प्रत्येक अंड्याला तिची मान एवढीशी, जेमतेम, खाली येत होती.

गुंजननं मोबाईल हिसकावून घेतला तेव्हा वायर ताणली जाऊन खुशीच्या कानातून बोंड निघालं आणि ती ओरडली. तसं ओरडणं गुंजननं तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिनं मेथीच्या जुड्या उचलून फेकल्या, एक, दोन, सगळ्या, मग गुंजनच्या मनगटाला दात लावले आणि सोडेना. पुढचा पंखा बंद झाला. कुंताबाई दारात आल्या, मागून कैलास, डोळे लाल. "काय लावलं हे भरदुपारी?" गुंजन मोबाईल पुढं धरून म्हणाली, "हे ऐका. एकदा कानात घालून ऐका फक्त." "मले काही ऐकाचं नाई," कैलास म्हणाला, "पहाटं उठाचं हाय मले. रोज तूच देते, आज तूच हिसकते. पोरीनं समजाचं काय?" "यात मायले खड्ड्यात टाकून अंडे मारून राह्यले." "मंग? गेम हाय थो. खरे अंडे हाय का?" कुंताबाईंनी खुशीला पोटाशी धरलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवता फिरवता, फार शांतपणे म्हणाल्या, "शाळेत तं हात वर करून सांगतलं होतं ना व? शेतीचं पाहते म्हणून. मी सोबत बसते म्हणून. मंग बसून काय पाहत होती तू इतके दिवस?" याचं उत्तर गुंजनजवळ होतं. तिनं पुढं धरलेला मोबाईल मागं घेतला. मनगटावर छोट्या दातांची दोन अर्धवर्तुळं उमटली होती, वरची आणि खालची. समोरचा एक दात पडलेला, त्याची रिकामी जागासुद्धा नीट उमटली होती, आणि त्या जागेकडं पाहून तिला रागाच्या मधोमध पान्हा फुटल्यासारखं झालं.

तिनं मोबाईल कपाटावर ठेवून दिला. त्यानंतर खुशी तिच्याशी बोलली नाही. रुसलेलं पोर असतं तशी ती रुसली नव्हती. रुसवा आईच्या वाटेकडं डोळे लावून असतो. ही पोर उठायची, दात घासायची, आजीच्या हातून वेण्या घालून घ्यायची, आणि गुंजन खोलीत असली तर आजीला सांगायची, "आजी, तिले सांग मले डब्यात पोळी नको." तिले. कुंताबाई ते पुढं पोचवायच्या, वर आपलं घालून. "ऐकलं का? पोळी नको तुई." घास नेऊन गुंजन पोरीच्या तोंडापाशी धरायची तेव्हा खुशी तोंड फिरवायची नाही, ओठ मिटून बसायची, गुंजनचा हात दमेपर्यंत. दुपारी त्या पडवीत आता गुंजन एकटीच जुड्या बांधायची आणि तिला हवा होता तो सन्नाटा सगळीकडून तिच्यावर चालून यायचा. भिंतीवरची पाल, तारेवरचा कावळा, रिकामी क्रेट, सगळं तिच्याकडं बघत असल्यासारखं. हात वर करणारी बाई. आणि डोक्यात तो छान आवाज चालू राहायचा. धुणं धुताना तो म्हणायचा, थक गई? भाजीला फोडणी देताना तिला ठसका लागायच्या आत तो विचारायचा, भूख लगी, मम्मी? तिला त्याचा खून करावासा वाटे. विशीतलं कुठलं तरी पोरगं, कुठल्यातरी शहरात, दार लावून बसलेलं. त्याला त्याची आईच चहा नेऊन देत असेल, आणि तो रेकॉर्डिंग थांबवून कप घेत असेल. त्या बाईचं तोंड कसं असेल ते तिला दिसे. ती त्याही बाईचा राग करे. मग रागाला दुसरी वाट न मिळून तो खुशीकडं वळे, सहा वर्षांच्या पोरीकडं, आणि एका दुपारी आपण खरोखर हात उगारला आहे हे तिला हात वर असतानाच कळलं. खुशी हललीसुद्धा नाही. ती वर पाहत होती, पुढं काय होतं ते पाहण्यासाठी, डोळे मोठे करून, उत्सुकतेनं. त्या उत्सुकतेनं गुंजनचा हात खाली आला. पोरीला मार बसेल याचं भय नव्हतं. मारणारी, ओरडणारी, दमणारी ही बाई तिला खड्ड्याच्या काठावरून पाहावी तशी दिसत होती.

बुधवारी दुपारी जुड्या बांधताना तिच्या ध्यानात आलं की पोरगी केव्हाची दिसली नाही. ती पुढच्या खोलीच्या दारापाशी गेली. पंखा फुल होता. मधुकरराव भिंतीकडं तोंड करून, कैलास उताणा, कपाळावर हात. कुंताबाईंच्या उशाशी खुशी बसली होती, मांडीवर कैलासचा मोबाईल, कानांत बोंडं. कुंताबाई जाग्या होत्या. त्यांनी गुंजनकडं पाहिलं आणि डोळे मिटून घेतले, सावकाश, झोप लागल्यासारखे. म्हणजे हे रोजचं होतं. कपाटावरचा मोबाईल कपाटावरच होता आणि खड्डा इथं, सगळ्यांच्या मधोमध, त्यांच्या झोपेच्या अंगणात चालू होता. गुंजनला राग आला नाही. राग इतके दिवस वापरून संपला होता. तिला फक्त एवढं वाटलं की हा आवाज इतके दिवस फक्त दोघींनाच ऐकू येतो आहे, आणि ती आत गेली, खुशीसमोर उकिडवी बसली, आणि मोबाईलच्या भोकातून वायरीची पिन ओढून घेतली.

"आराम से बैठ गए सब?" भुट्टा भैया मोठ्यानं म्हणाला.

मधुकरराव ताडकन उठून बसले. "कोण आलं?" त्यांनी दाराकडं पाहिलं. "बसा म्हणावं, बसा."

"आवाज कमी कर," कैलास डोळे न उघडता म्हणाला.

"नाई करत," गुंजन म्हणाली.

त्यानं डोळे उघडले. या घरात हे दोन शब्द एकामागोमाग एक त्यानं तिच्या तोंडून ऐकले नव्हते. तो कोपरावर उठला. खुशी मोबाईल तसाच धरून होती. वायर छातीवर लोंबत होती, बोंडं अजून कानांत, मुकी. आवाज खोलीभर झाला होता, छताला लागत होता, पंख्याच्या पात्यांत सापडून थोडा थरथरत होता. "बेटा फोन रख दे," बारीक सूर आला, आणि त्याच्या अर्धा क्षण आधी, त्याच सुरात, तेच शब्द खुशीच्या ओठांवर आले. "बेटा मैं थक गई हूँ." तिला सगळं पाठ होतं. कैलास पोरीच्या ओठांकडं बघत राहिला. "हं," खड्ड्यातून आवाज आला. "हं."

"बंद कर थे," तो गुंजनला म्हणाला.

"मी नाई लावलं. तुमच्या मोबाईलात आहे. ऐका तुम्ही."

"कोणाची माय हाय व थे खड्ड्यात?" कुंताबाई उठून बसल्या होत्या. पदर खांद्यावर घेताना त्यांची नजर कैलासकडं गेली, सुनेकडं नाही.

"सगळ्यांची," खुशी म्हणाली. "भैया म्हणते सगळ्यांची मम्मी आहे ती."

"अन् तिनं काय केलं त्याचं?"

खुशीनं विचार केला. हे तिला कुणी विचारलं नव्हतं, भैयानंही नाही. "काही नाई," ती म्हणाली. "ती बोलते फक्त."

मधुकररावांनी उशाखालचा चष्मा चाचपून डोळ्यांवर लावला. कैलासनं हात पुढं केला मोबाईल घ्यायला, आणि कुंताबाईंनी त्याच्या मनगटावर चापट मारली, लहानपणी ताटातल्या हाताला मारावी तशी. "राहू दे. माह्या नातीनं ऐकलं, तुह्या मायनं भी ऐकावं ना." अंडी पडत राहिली. कण्हणं येत राहिलं. पोरांचं हसू वाजलं, त्याच लांबीचं, त्याच चढाचं, आणि या खोलीत कुणी त्याच्यासोबत हसलं नाही. खुशी गोंधळली. तिनं आजीकडं पाहिलं, आजोबाकडं पाहिलं, पप्पाकडं पाहिलं; कुणासारखं तोंड करायचं ते तिला कळेना. शेवटी इतक्या दिवसांत पहिल्यांदा, काहीतरी विचारायला पाहावं तसं, तिनं गुंजनकडं पाहिलं.

गुंजनचे डोळे भरून आले होते, तिला तोंड फिरवायचं होतं. असं रडणं ती चुलीकडं, न्हाणीत, कांद्याच्या निमित्तानं उरकत आली होती. लेकराला दिसू नये म्हणून. तिनं फिरवलं नाही. गालांवरून ओघळ हनुवटीपर्यंत आले, नाक वाहू लागलं, तोंड वाकडं झालं असणार, आणि ते तिनं तसंच पोरीसमोर धरलं, उजेडात.

"तू खरं रडून राह्यली?" खुशीनं विचारलं. मोबाईलातल्या आवाजामुळं तिला मोठ्यानं बोलावं लागलं.

"हाव."

"अंडे तं तुले नाई मारले."

"लागलं तरी."

खुशीनं तिला बारकाईनं पाहिलं. मग मोबाईल मांडीवरून खाली सतरंजीवर ठेवला, तो तिथं पालथा पडून बोलतच राहिला, आणि एक बोट पुढं करून तिनं गुंजनच्या गालावरून ओलं उचललं. बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, वासही घेतला. मग जिभेला लावलं, आणि मान वळवून आजीला सांगितलं,

"खारं आहे."